आधीचा रकाना

"सोड! प्रणिता, सोड म्हणते ना तिला!"

मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. खिचडीची रांग उधळली होती, ताटल्या खडखडत फरशीवर पडत होत्या आणि मधोमध प्रणिता शेंडगे ऐश्वर्या मानेचा दंड दातात धरून उभी होती. मी जितकी ओरडत होते तितके तिचे दात घट्ट होत होते. शेवटी खिचडी वाढणाऱ्या मावशींनी पळी टाकली, प्रणिताला मागून कवेत घेतलं आणि तिला डोलवत राहिल्या, तेव्हा कुठं सुटका झाली. ऐश्वर्याच्या दंडावर दातांची कमान उमटली होती. दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

गंमत बघा, एवढं होऊनही ऐश्वर्या प्रणिताकडं बघत नव्हती. ती टक लावून माझ्याकडं बघत होती. ती असं का बघतेय ते मला नीट कळत होतं. मी नजर फिरवली आणि म्हटलं, "चला, बघताय काय! ताटल्या उचला आधी."

तांबडमाळच्या शाळेतली ही गोष्ट. चौदा वर्षं झाली. पाचवीचा वर्ग माझ्याकडं होता. मी घोरपडेबाई. माझा आवाज वेशीपर्यंत ऐकू येतो असं गावात म्हणायचे आणि मला त्याचा कोण अभिमान! माझ्या वर्गात अडतीस पोरं, पण खडूचा आवाज ऐकू यायचा. शेजारच्या वर्गातले गुरुजी पोरांना धमकी द्यायचे ती "घोरपडेबाईंकडं बसवीन" अशी.

अशा वर्गात जूनमध्ये प्रणिता आली. स्वमग्न मूल. दहा वर्षांची, गोरीपान, दोन घट्ट वेण्या, नजरेला नजर देणार नाही. बोलायची ते मोजके शब्द. घंटा झाली की कानांवर हात आणि जी किंकाळी फोडायची, बाई गं! पहिल्या महिन्यात तिनं माझ्या नाकी नऊ आणले. फळा पुसायचं डस्टर फेकलं, माझी साडी फाडली, स्वतःचं मनगट चावून चावून काळंनिळं केलं.

मग मंगळवार-शुक्रवारी मुल्लामॅडम यायला लागल्या. शबाना मुल्ला, तालुक्याच्या फिरत्या विशेष शिक्षिका. वय असेल अठ्ठावीस. स्कूटीवरून सहा शाळा करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक वही काढली, तिच्यात तीन रकाने आखले. आधी. काय केलं. नंतर.

"बाई, प्रणिता चावली, ओरडली, की मधला रकाना कुणीही भरेल," त्या म्हणाल्या. "मला आधीचा रकाना हवाय. ती उगाच काही करत नाही. आधी काहीतरी झालेलं असतं."

"आधी काही नसतं हो, एकदम उठते आणि सुरू होते," मी म्हटलं.

"आपल्याला दिसत नाही एवढंच," त्या हसून म्हणाल्या. मला त्यांचं ते हसणं तेव्हा मुळीच आवडायचं नाही.

पंधरा दिवस वही भरल्यावर त्यांनी एक कार्ड बनवलं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापलेला. एका बाजूला त्यांनी शाळेच्या पाण्याच्या टाकीचं चित्र काढलं, नळासकट. मागच्या बाजूला सोनेरी अक्षरांतला 'शुभविवाह' अर्धा राहिलेला. कार्डाला सुतळी बांधून ते प्रणिताच्या बाकाला अडकवलं. नियम सगळ्या वर्गाला सांगितला. प्रणिताला सहन होईनासं झालं की तिनं कार्ड हातात द्यायचं. कुणीही काहीही विचारायचं नाही. टाकीमागच्या कट्ट्यावर जायचं, शंभर मोजायचे, परत वर्गात यायचं. बरोबर जाऊन मोजायला जोडीदार म्हणून ऐश्वर्या. तिनं आपणहून हात वर केला होता.

खरं सांगते, मला ते थेर वाटलं होतं. बाहेर जायला मूल करंगळी दाखवतं, मग आपण त्याच्याकडं बघतो, थांबवतो, मग सोडतो. ही आमची पद्धत. इथं म्हणे विचारायचंच नाही! पण चमत्कार झाला. ऑगस्टपर्यंत किंकाळ्या थांबल्या. दिवाळीपर्यंत प्रणिता गणितं सोडवायला लागली. एकदा ऐश्वर्याच्या हातातल्या खडूकडं हात करून "दे" म्हणाली, आणि मुल्लामॅडमनी मला मिठी मारली. त्या एका 'दे'साठी! तिची आई रंजना डाळिंबाच्या पॅकिंगमध्ये कामाला. ती रोज सुट्टीच्या वेळी फाटकाशी उभी राहून विचारायची, "आज किती येळा टाकीकडं गेली, बाई?" मी सांगायचे सात, कधी आठ. तेच मला खुपायचं. सात वेळा उठते म्हणजे काय? वर्ग आहे की एसटी स्टँड?

तर ती चावली तो डिसेंबरातला गुरुवार होता. चावा कुणाला, तर ऐश्वर्याला, म्हणजे बबननाना मान्यांच्या नातीला. नाना शाळा समितीचे अध्यक्ष.

संध्याकाळी नाना शाळेत आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, रागानं लाल झालेले. मुख्याध्यापक लोखंडेसर उभेच राहिले.

"सर, आजपतूर म्या कायबी बोललो न्हाई," नाना म्हणाले. "आमच्या पोरीनं त्या पोरीला हाताला धरून फिरवली. तिलाच चावली! शनिवारी मीटिंग घ्या. पोरीचं नाव राहू द्या पटावर, माझी ना न्हाई. पर तिला घरी ठेवा. घरी शिकवायची सोय असती म्हणं अशा पोरांची."

घरी शिकवायची सोय म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. महिन्यातून दोनदा कुणीतरी जाऊन सही घेणार. बाकीचा वेळ रंजना कामावर आणि प्रणिता बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. आधीची तीन वर्षं ती तशीच होती.

शुक्रवारी प्रणिता आली नाही. मुल्लामॅडम आल्या त्याच धापा टाकत. वही माझ्यापुढं ठेवली.

"बाई, काल काय झालं ते लिहा ना. तुम्ही तिथं होतात. उद्या मीटिंगमध्ये मला काहीतरी सांगता आलं पाहिजे."

मी लिहिलं. मधल्या रकान्यात, 'खिचडीच्या रांगेत ऐश्वर्याच्या दंडाला चावली.' तिसऱ्या रकान्यात, 'मावशींनी धरले, शांत झाली.'

"आणि आधी?"

"आधी काही नाही."

"सकाळपासून काही वेगळं? आवाज, नवीन माणूस?"

"केंद्रप्रमुख आले होते भेटीला. पण तेव्हा छान बसली होती. दोन तास हलली नाही."

"दोन तास?" मुल्लामॅडमच्या कपाळाला आठी पडली. "एकदाही कार्ड दिलं नाही तिनं?"

"नाही दिलं," मी म्हटलं. "आता नाही दिलं तर मी काय करू?"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

गुरुवारी सकाळी परिपाठानंतर मी स्वतः सुतळी सोडून ते काढून घेतलं होतं. केंद्रप्रमुखांसमोर हिनं सात वेळा उठून बाहेर पळावं आणि साहेबांनी वहीत काय लिहावं? प्रणितानं रिकाम्या बाकावर हात फिरवला, खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडं आली आणि हात पुढं केला. मी डोळे वटारले. "आज नाही. आज गप बसायचं." ऐश्वर्या म्हणाली, "बाई, पण तिचं कार्ड..." आणि मी तिच्यावर अशी खेकसले की ती मटकन खाली बसली.

प्रणिता बसली. दोन तास बसली. ओठ आवळून, हात मांड्यांखाली दाबून, पुढं-मागं झुलत. मला वाटलं, बघा, धाक दाखवला की जमतं. केंद्रप्रमुखांनी शेरेपुस्तकात लिहिलं, 'वर्गशिस्त उत्तम.' मग मधल्या सुट्टीची घंटा झाली, ताटल्यांचा खणखणाट सुरू झाला आणि ऐश्वर्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी वही बंद करून मुल्लामॅडमच्या हातात दिली. एकवीस वर्षांची नोकरी, गावात नाव, आणि कालचा तो शेरा.

शनिवारी सकाळची शाळा. रंजना प्रणिताला घेऊन आली. पोरीला नवा फ्रॉक घातला होता, वेण्यांना रिबिनी. जणू नीटनेटकी दिसली तर ठेवतील! मला गलबलून आलं. मी पर्समधून कार्ड काढलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून प्रणिताच्या हातात कोंबलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि छातीशी धरलं. मला वाटलं, झालं, फिटली चूक.

ऑफिसात आम्ही सात जणं. नाना, त्यांच्या शेजारी दंडाला पट्टी बांधलेली ऐश्वर्या, लोखंडेसर, मुल्लामॅडम, मी, आणि दाराजवळ खाली सतरंजीवर रंजना आणि प्रणिता. खुर्ची देऊनही रंजना खुर्चीवर बसली नाही.

"सायब, मी हात जोडते," रंजना म्हणाली. "आता कुठं पोरगी माणसात आलीया. आता घरी बसली तर समदं पुसून जाईल."

"तुझं दुःख कळतंय मला," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "पर तिला दुसऱ्याची जाणच न्हाई, त्याला काय करायचं? समोरच्याला दुखतंय, समोरचा रडतोय, तिला कळतंय का? उद्या डोळा फोडला कुणाचा तर?"

"तिला कळतं नाना," मुल्लामॅडम म्हणाल्या. "चार महिन्यांत ती एकदाही चावली नव्हती. मग गुरुवारीच का चावली? आधी काय झालं ते सापडलं तर पुन्हा होणार नाही. पण हा रकाना कोरा आहे." त्यांनी वही टेबलावर उघडी ठेवली. "घोरपडेबाई, पुन्हा एकदा आठवून बघता का? आधी काय झालं होतं?"

ऐश्वर्या माझ्याकडं बघत होती. तीच परवाची नजर.

आणि माझं टाळकं सरकलं. चोर सापडायला आला की जसा जोरात ओरडतो ना, अगदी तशी मी ओरडले.

"सारखं काय हो आधी, आधी? अडतीस पोरं आहेत माझ्याकडं! हिच्याकडं बघू का त्यांच्याकडं? तुम्ही आठवड्यातून दोन दिवस येणार, चित्रं काढणार आणि मला विचारणार! माझी चूक म्हणायचंय का तुम्हाला? म्हणा ना, म्हणा तोंडानं!"

"बाई, शांत व्हा," लोखंडेसर म्हणाले.

"मी शांतच आहे!" मी इतक्या जोरात म्हटलं की टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्याच हाताचा धक्का लागून कलंडला.

सतरंजीवर प्रणितानं कानांवर हात घेतले होते. ती उठली. नानांनी चटकन ऐश्वर्याला मागं ओढलं. "धर, धर तिला!" म्हणेपर्यंत रंजना तिचा फ्रॉक पकडायला धावली, पण पोरगी तिच्या हातातून निसटली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी दंड मागं घेतला. होय, मीही घाबरले होते.

तिनं एक हात कानावरच ठेवला. दुसऱ्या हातानं ते कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं.

टेबलावरून पाणी टपटपत होतं. मी त्या कार्डाकडं बघत राहिले. टाकी, नळ, सुतळीचं भोक.

"बाई," मुल्लामॅडम हलकेच म्हणाल्या, "नियम असा आहे की कुणी काही विचारायचं नाही."

मी उठले. समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक सगळे बसलेले असताना मी मुकाट्यानं दाराबाहेर गेले. प्रणिता माझ्यापुढं चालत होती. टाकीमागच्या कट्ट्यावर तिनं मला जागा दाखवली, स्वतः जरा लांब बसली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. एका सुरात, नळाकडं बघत. चाळीसपर्यंत मी रागानं धुमसत होते. पन्नासच्या पुढं राग गेला आणि खाली होतं ते वर आलं. एकोणसाठ, साठ. मी पदर तोंडात कोंबून रडायला लागले. एवढी मोठी बाई, शाळेच्या टाकीमागं!

प्रणितानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. एकही आकडा चुकवला नाही. "नव्व्याण्णव, शंभर. वर्गात." आणि उठली. माझं रडू संपलं नव्हतं, पण तिच्या लेखी शंभर म्हणजे शंभर.

मी ऑफिसात परत आले ती सरळ टेबलापाशी. लोखंडेसरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि उभ्याउभ्याच त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचत गेले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

"'घोरपडेबाईंनी सकाळी कार्ड काढून घेतले. प्रणिताने हात पुढे करून मागितले. दिले नाही. दोन तास बसवून ठेवले.' नाना, ती चावली ते माझ्यामुळं. जिच्यामुळं तिला सांगता येत होतं ती एकच गोष्ट मी पर्समध्ये ठेवली होती. घरी कुणाला बसवायचं असेल तर मला बसवा."

नानांनी वही ओढून तो रकाना स्वतः वाचला. मग नातीकडं वळले. "तुला ठावं हुतं?"

ऐश्वर्यानं मान हलवली.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"बाई ओरडल्या असत्या," ती म्हणाली.

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एका पोरीचा आवाज मी पर्समध्ये ठेवला होता, आणि दुसरीचा तर माझ्या नुसत्या धाकानंच गेला होता. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिच्या पट्टीवर हात ठेवला आणि म्हटलं, "चुकले गं बाळा मी." वर्गात कुणाची माफी मागायची मला सवय नव्हती. ती बिचारी इतकी ओशाळली की आजोबांच्या मागं लपली.

नानांनी टोपी काढून डोकं पुसलं. "बाई, तुमाला तर म्या बी भितो, त्या पोरीचं काय घेऊन बसलाय!" ते म्हणाले. मग प्रणिताकडं बघून जरा थांबले. "अन् म्या म्हणत हुतो तिला दुसऱ्याची जाण न्हाई. आमी एवढी शाणी माणसं बसलो हुतो. बाईंचं काय झालंय ते तिला एकटीला कळलं." ते रंजनाला म्हणाले, "जा, बसव पोरीला वर्गात."

रंजना खाली वाकून त्यांच्या पाया पडायला गेली, त्यांनी पाय मागं घेतले. "माझ्या न्हाई. जिनं कार्ड दिलं तिचं तोंड गोड कर."

जाता जाता मुल्लामॅडमना म्हणाले, "मॅडम, तसलं अजून एक कार्ड कापा. घोरपडेबाईंसाठी."

सोमवारी सकाळी नानांच्या मोटरसायकलवर सिमेंटचं एक रिकामं पोतं होतं, त्यात लग्नपत्रिका. अध्यक्ष माणूस, पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नाचं आवतण त्यांच्याकडं. कधी टाकवल्या नव्हत्या, देवाचं चित्र असतं म्हणून. "देव तेवढा नीट कापून वेगळा ठेवा, बाकी वापरा," म्हणाले. त्या आठवड्यात अडतीस कार्डं झाली, प्रत्येक बाकाला एक. एक माझ्या टेबलाला. पहिले चार दिवस टाकीमागं जत्रा भरली, मग ओसरली. प्रणिता सात वेळा जायची ती मार्चपर्यंत दोनवर आली. मी महिन्यातून एकदा तरी जायचेच. पोरं काही विचारायची नाहीत.

पुढं मी अकरा वर्षं शिकवलं. माझा आवाज काही कमी झाला नाही, खोटं कशाला बोलू. पण मूल बिघडलं की आधी मी स्वतःला विचारायचे, आधी काय झालं? हे मला शबाना मुल्लानं शिकवलं. आणि हातात कार्ड ठेवून शिकवलं ते प्रणितानं. मुल्लामॅडमना मी हे बोलून दाखवलंय. प्रणिताला बोलून दाखवायचं राहिलं होतं.

गेल्या मे महिन्यात ऐश्वर्याच्या लग्नाची पत्रिका आली. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं काढलेली पाण्याची टाकी, नळासकट. खाली लिहिलेलं, 'बाई, डीजे नको म्हटलं तर घरचे ऐकत नाहीत. स्टेजमागं उजवीकडची खोली ठेवलीय. प्रणितालाही सांगितलंय.'

मी गेले. कार्यालयात तो डीजे असा दणाणत होता की छाती हलत होती. खोलीच्या दारावर तेच चित्र चिकटवलेलं. आत खुर्चीवर प्रणिता बसली होती. चोवीस वर्षांची, हिरवी साडी, कानांवर जाड हेडफोन. आता ती आईबरोबर पॅकिंगमध्ये डाळिंबांना स्टिकर लावते, आणि रंजना सांगते की तिच्याइतकं सरळ कुणाचंच लागत नाही.

"बाई," ती म्हणाली आणि शेजारची खुर्ची दाखवली.

मी बसले. म्हटलं, "प्रणिता, त्या दिवशी तू मला कार्ड दिलंस ना, तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर." तिनं हेडफोन गळ्यात उतरवले आणि भिंतीकडं बघत मोजायला लागली. एक, दोन, तीन. बाहेर मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. माझे डोळे साठाच्याही आधी भरून आले. ती मोजत राहिली.

"नव्व्याण्णव, शंभर."

मी उठायला लागले. चौदा वर्षांपूर्वी शंभर झाल्यावर ती उठून चालायला लागली होती. या वेळी उठली नाही. तिनं मान वळवली, माझ्या ओल्या गालांकडं नीट बघितलं आणि विचारलं,

"अजून शंभर?"